आपल्या खासदाराने मत काय दिलं, हे कुठे बघायचं?

तळ्याकाठचा

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण बरंच शोधूनही उत्तर हाती लागलेलं नाही.

निवडणूक जवळ आली की आमच्याकडे खासदारांची कार्यअहवाल पुस्तिका घरपोच येते. गुळगुळीत कागद, चार रंग. हजेरी अमुक टक्के, प्रश्न तमुक, निधी इतके कोटी, मग सभामंडप, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक आणि मागच्या पानावर मिळालेले पुरस्कार. पण पाच वर्षांत लोकसभेत जी विधेयकं आली, त्यांतल्या कशाच्या बाजूने साहेब उभे राहिले आणि कशाच्या विरोधात, याबद्दल चकार शब्द नाही. अहो, आपण त्यांना तिथे पाठवतो ते मुख्यतः मत द्यायलाच ना? बाकीचं नगरसेवकही करतो.

संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचं पान आहे. शिक्षण, छंद, आवडते खेळ, कुठले देश पाहिले, सगळं आहे. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर हजेरी, प्रश्न, चर्चा, खाजगी विधेयकं आहेत. मतांचा रकाना दोन्हीकडे दिसला नाही. कुणाला माहिती आहे का? आणि कृपया पक्षांवरून भांडू नका, प्रश्न सगळ्यांना लागू आहे.

चहाबाज

पहिला! शेवटचं वाक्य वाचून ठसका लागला. दहा प्रतिसादांच्या आत नेहरू येतील, पैज लावा.

अ‍ॅड_अण्णा

रकाना दिसला नाही कारण बहुतेक वेळा त्यात भरायला काही नसतंच.

आपल्या संसदेत बहुतांश विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हां' म्हणतात, विरोधातले 'ना' म्हणतात, अध्यक्ष कौल जाहीर करतात. कोण काय म्हणालं याची नोंद राहत नाही. सभागृहात त्या वेळी तीसच माणसं असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. (गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, एक दशांश लागते, पण तो मुद्दा कुणी उकरून काढला तर!)

नावानिशी नोंद होते ती मतविभागणी झाली तरच. सदस्याने अध्यक्षांच्या कौलाला आव्हान दिलं की लॉबी मोकळी करायचा आदेश निघतो, साडेतीन मिनिटं जातात, दरवाजे बंद होतात, प्रश्न पुन्हा मांडला जातो आणि मग बटणं. पण इथेही एक पळवाट आहे. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये अशी तरतूद आहे की मतविभागणीची मागणी विनाकारण केली आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. तेव्हा नावं नोंदली जात नाहीत.

घटनादुरुस्तीला मात्र सुटका नाही. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात, त्यामुळे मोजणी करावीच लागते. तेव्हा शोध तिथून सुरू करा.

टोणगा

म्हणजे टीव्हीवर ऐकू येतं ते 'प्रस्ताव स्वीकृत हुआ' एवढाच आपला पुरावा. धन्य आहे.

मुक्ताई

अण्णांशी सहमत. पण मतविभागणी झाली की नावं मिळतात आणि ती वाचायला मजा येते.

सप्टेंबर २०२३ चं महिला आरक्षण विधेयक घ्या. लोकसभेत ४५४ विरुद्ध २. ते दोन म्हणजे एमआयएमचे ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचा मुद्दा ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा का नाही, हा होता. पटो न पटो, औरंगाबादच्या मतदाराला निदान माहीत आहे की आपला माणूस कुठे उभा होता. उरलेल्या ४५४ मध्ये मनातून कोण कुठे होतं ते देव जाणे.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०१९ चं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक. लोकसभेत ३११ विरुद्ध ८०, शिवसेना बाजूने. दोन दिवसांनी राज्यसभेत तेच विधेयक आलं आणि शिवसेनेने सभात्याग केला. मधल्या काळात विधेयकाचा स्वल्पविरामही बदलला नव्हता. बदलली ती फक्त शिवसेनेची भूमिका.

चहाबाज

रच्याकने, ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर पुनर्रचनेच्या विधेयकाला लोकसभेत ३७० विरुद्ध ७० मतं पडली होती. आकड्यालाही विनोदबुद्धी असते.

बाणेदार

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

प्रशासक

वरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पक्षांची धुणी राजकारण विभागात धुवावीत.

खडूस_मास्तर

मला हा सगळा खटाटोपच निरर्थक वाटतो.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा पक्षादेश असताना गैरहजर राहिलात, तर पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. तीन ओळींचा व्हिप, म्हणजे सर्वांत कडक पक्षादेश, निघाला की विषय संपला. मग खासदाराच्या नावापुढे 'होय' लिहिलंय की 'नाही', यावरून त्याच्याबद्दल काय कळणार? पक्षाने काय ठरवलं एवढंच, आणि ते पेपरात आधीच छापून आलेलं असतं.

आणि व्हिप नको म्हणणाऱ्यांनी १९६७ आठवावं. हरियाणात गया लाल एका दिवसात किती वेळा इकडून तिकडे गेले ते वाचा, तेव्हापासून 'आयाराम गयाराम' आलं. आपण मत चिन्हाला देतो, माणसाला नाही. निवडून आल्यावर त्याला स्वतंत्र बुद्धी फुटावी ही अपेक्षा का?

लंडनची_शेवंता

मास्तर, इथे ब्रिटनमध्येही व्हिप आहेच की. शब्दच इथून तिकडे गेलाय. फरक शिक्षेत आहे. पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष काढून टाकू शकतो, पण खासदारकी जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात विरोधात गेलेल्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना जॉन्सन यांनी एका रात्रीत पक्षाबाहेर केलं, त्यात चर्चिलचे नातूही होते. पण ते सभागृहात बसून राहिले.

आणि काही विषयांवर व्हिपच काढत नाहीत. मरणासन्न रुग्णाला इच्छामरणाची मुभा देणाऱ्या विधेयकावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ३३० विरुद्ध २७५ मतं पडली. दोन्ही बाजूंना मोठ्या पक्षांचे लोक होते. त्याआधी आमच्या भागातल्या खासदारबाईंनी लोकांची पत्रं वाचून, आपण मत काय देणार आणि का, हे आपल्या संकेतस्थळावर लिहिलं होतं. मला त्यांचं मत पटलं नाही, पण भांडायला काहीतरी हातात होतं. इथे पिनकोड टाकला की खासदाराची मतं विषयवार दाखवणारं संकेतस्थळ आहे. सरकारी नाही, हौशी लोकांनी उभं केलेलं.

अ‍ॅड_अण्णा

शेवंताताई, मुद्दा नेमका पकडलात. आपल्याकडेही हे सुचलेलं आहे. १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की अपात्रतेची तलवार फक्त विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावापुरती ठेवा. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने पक्षांतरबंदी कायदा वैध ठरवला, पण पक्षादेशाचा अर्थ मर्यादित घ्यावा असंही म्हटलं. पुढे काही झालं नाही. मनीष तिवारी यांनी याच आशयाचं खाजगी विधेयक मांडलेलं आहे. खाजगी विधेयकांचं भवितव्य विचाराल तर असं शेवटचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं १९७० मध्ये.

टोणगा

मास्तर, चिन्हाला मत देतो म्हणालात. आमच्याकडे मत दिलं तेव्हाचं चिन्ह आणि पक्ष गेल्या काही वर्षांत कुठल्या कोर्टात आहेत ते जरा सांगाल का? ह.घ्या.

खडूस_मास्तर

टोणगा, तो वेगळा धागा होईल आणि प्रशासकांना रात्री जागावं लागेल.

नर्मदाकाठ

आवाजी मतदानाबद्दल एक राहिलं. २० सप्टेंबर २०२० ला कृषी विधेयकं राज्यसभेत आली, तेव्हा विरोधक मतविभागणी मागत होते. उपसभापती हरिवंश यांनी ती दिली नाही, सदस्य आपापल्या जागेवर नाहीत हे कारण सांगितलं. गोंधळात विधेयकं आवाजी मतदानाने पास. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित, त्यात आपले राजीव सातवही होते. त्यांच्यासाठी पवारांनी एक दिवस अन्नत्याग केला, पण मतदानाच्या दिवशी ते स्वतः सभागृहात नव्हते, यावरून तेव्हा बरीच चर्चा झाली होती.

आज कुणी विचारलं की कृषी कायद्यांवर राज्यसभेत कोणी काय मत दिलं, तर उत्तर नाही. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानानेच. आले तसेच गेले, नाव कुणाचंच नाही.

भाऊसाहेब_नगरकर

थोडं वेगळं सांगतो. एका खासदारांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात मी काही वर्षं काढली आहेत. नाव-पक्ष विचारू नका.

सकाळी दहाला बाहेरचा बाक भरलेला. पहिला माणूस रेल्वेचं वेटिंग घेऊन आलेला, पीएनआर तळहातावर बॉलपेनने लिहिलेला. त्याला इमर्जन्सी कोट्याचं पत्र हवं. दुसरी बाई नवऱ्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पंतप्रधान निधीतून मदत मागायला आलेली. हॉस्पिटलचं एस्टिमेट, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि यांपैकी एक कागद नेहमी घरी राहिलेला. मग केंद्रीय विद्यालयाचे पालक. खासदाराला वर्षाला दहा प्रवेशांची शिफारस करता यायची आणि त्या दहांपायी जवळची माणसं दुखावली जायची. २०२२ मध्ये तो कोटा बंद झाला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्यानंतर जळालेला ट्रान्सफॉर्मर, तलाठ्याचा दाखला, गावचा रस्ता. यातलं खासदाराच्या अखत्यारीत काहीच नाही, पण लेटरहेडवर दोन ओळी गेल्या की माणूस हलायचा.

विधेयकावर साहेबांनी काय मत दिलं, हे विचारायला एकही माणूस आला नाही. मग पुस्तिकेत ते कशाला छापतील? जे विचारलं जातं ते छापलं जातं.

आणि आमच्या पट्ट्यात ज्या निर्णयाने लोकांची चूल विझायची वेळ आली, त्यावर मतदान झालंच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली. दोन्ही अधिसूचना, सभागृहात कधी मोजणीच नाही. तेव्हा लोक खरंच ऑफिसात यायचे, 'साहेब यावर बोलले का? क्लिप द्या.' अशा वेळी मताच्या यादीपेक्षा प्रश्न आणि भाषणं बघितलेली बरी.

जाता जाता निधीबद्दल. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी खासदाराच्या खिशातला नसतो आणि खात्यातलाही नसतो. तो फक्त काम सुचवतो. मंजुरी, निविदा, बिल सगळं जिल्हाधिकारी कार्यालयाकडून. फलकावर नाव मात्र कुणाचं मोठं असतं ते तुम्ही पाहिलंय.

मुक्ताई

भाऊसाहेब, दंडवत. या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

गोंयकार

आमच्या गोव्यात लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक. एवढ्यातही कोण कुठल्या समितीवर आहे हे विचारलं तर दहांतले नऊ जण गप्प. अवांतर: खासदाराच्या बाकीच्या पदांचं काय? एकाच वेळी खासदार, मंत्री आणि क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष हे कसं चालतं?

अ‍ॅड_अण्णा

चालतं, कारण क्रिकेट मंडळ हे सरकारी लाभाचं पद नाही. पवार २००५ ते २००८ केंद्रात कृषिमंत्री होते आणि बीसीसीआयचे अध्यक्षही. याउलट जया बच्चन यांची राज्यसभेची जागा २००६ मध्ये गेली ती उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे. मानधन प्रत्यक्षात घेतलं नाही हा बचाव टिकला नाही. त्याच वेळी सोनिया गांधींनी राजीनामा देऊन रायबरेलीतून पुन्हा निवडणूक लढवली, आणि मग संसदेने कायदा दुरुस्त करून बरीचशी पदं सूट मिळालेल्यांच्या यादीत टाकली.

आपल्याकडचा खरा प्रश्न साखर कारखाने, जिल्हा बँका आणि शिक्षणसंस्थांचा आहे. कारखान्याचा अध्यक्ष इथेनॉलच्या धोरणावर बोलतो तेव्हा तो कुणाच्या वतीने बोलतो? राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही तरी आहे.

चहाबाज

दोन पदांवरून आठवलं. १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती, येऊन मत देऊन गेले. आणि नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं, पक्षाने काढून टाकलं. मास्तर, व्हिप असूनही माणूस वेगळं मत देतो तो असा.

खडूस_मास्तर

पाच-दहा वर्षांतून एक सोझ. आणि तत्त्वाचंच म्हणाल तर आपले चिंतामणराव देशमुख घ्या. कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरतंय म्हटल्यावर १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यासाठी बटण दाबावं लागलं नाही.

चहाबाज

आले! नेहरू आले! दहा प्रतिसाद कधीच उलटले, पैज हरलो, तरी आनंद झाला.

टोणगा

आणि सचिनचं कुणी काही बोलणार नाही का? २०१२ ला राज्यसभेवर नेमणूक, हजेरी बेताचीच. पण धाराशिवमधलं डोंजा गाव दत्तक घेतलं, पगार पंतप्रधान निधीला दिला. याला प्रगतिपुस्तकात किती मार्क?

नर्मदाकाठ

हजेरीवरून मार्क देऊच नका. मंत्री हजेरीपटावर सह्या करत नाहीत, म्हणून हजेरीच्या याद्यांत ते नसतात. आणि सही केली म्हणजे माणूस दिवसभर बसला असंही नाही. प्रश्नांचंही तेच. लॉटरीत तारांकित (तोंडी उत्तराचे) म्हणून निघालेले वीसच प्रश्न दिवसाला लोकसभेत घेतले जातात, त्यातले थोडेच उत्तराला येतात. बाकीच्यांची लेखी उत्तरं. एकाच मजकुराचे प्रश्न जिल्ह्याचं नाव बदलून घातले तरी आकडा फुगतो. २००५ मध्ये तर पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यातले दोन आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते. म्हणून 'प्रश्न किती' यापेक्षा एखादा प्रश्न उघडून वाचा.

मुक्ताई

मूळ प्रश्नावर येते, नाहीतर तळ्याकाठचा पुन्हा विचारेल.

संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभेच्या कामकाजाचा त्या तारखेचा संपूर्ण वृत्तांत काढा. पीडीएफ जाडजूड असते, घाबरू नका. विधेयकाच्या शेवटाकडे जा. तिथे 'दुरुस्तीच्या अधीन राहून निकाल असा' अशा अर्थाचं वाक्य आणि खाली बाजूची व विरोधातली नावं मिळतील. तळटिपा वाचायला विसरू नका. ज्यांचं यंत्र चाललं नाही किंवा चुकीचं बटण दाबलं गेलं, त्यांनी चिठ्ठीवर दिलेली मतं तिथे असतात. 'एक देश एक निवडणूक'ची विधेयकं १७ डिसेंबर २०२४ ला मांडली गेली तेव्हा यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ दाखवलं आणि चिठ्ठ्या धरून बाजूची मतं २६० च्या वर आणि विरोधातली १९८ झाली. एवढा फरक!

समितीचं बघायचं असेल तर तिचा अहवाल उघडा. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात त्या दिवशी कोण हजर होतं ते असतं आणि भिन्नमतपत्रिकाही असतात. खात्यांच्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. तुमचे साहेब कुठल्या तरी एकीत असतीलच, मंत्री नसतील तर.

तळ्याकाठचा

मुक्ताई, आभार. बसून पाहिलं. महिला आरक्षणाच्या यादीत आमचे साहेब 'होय'मध्ये आहेत, ते अपेक्षितच होतं. पण १७ डिसेंबरच्या दोन्ही याद्यांत नाव नाही, चिठ्ठ्यांतही नाही. कार्यालयात फोन केला. पलीकडचा मुलगा आधी गोंधळला, मग म्हणाला, 'साहेब पूर्वनियोजित कार्यक्रमात होते.' कुठला कार्यक्रम, तर 'विचारून सांगतो.' अजून सांगितलेलं नाही.

भाऊसाहेब_नगरकर

हा प्रश्न त्या ऑफिसात पहिल्यांदाच आला असणार. पुन्हा आठवड्याने करा. दुसऱ्यांदा फोन आला की वहीत नोंद होते, तिसऱ्यांदा साहेबांच्या कानावर जातं.

टोणगा

त्या दिवशी सत्ताधारी बाकांवरचेही वीसेक जण गैरहजर होते आणि पक्ष नोटिसा काढणार अशा बातम्या होत्या. गडकरींचंही नाव त्यात आलं होतं. म्हणजे गैरहजर राहणं हेही मतच की.

खडूस_मास्तर

किंवा विमान चुकलं. गैरहजेरीतून अर्थ काढायला लागलात तर ज्योतिषी व्हाल.

नर्मदाकाठ

मी एक्सेल करायला घेतो. महाराष्ट्राचे ४८, नावानिशी झालेल्या मोठ्या मतविभागण्या, आणि रकाने: होय, नाही, तटस्थ, यादीत नाही. कारणाचा रकाना ठेवत नाही, मास्तरांसाठी. कोणी २०१९ ची दोन्ही सत्रं घेईल का?

मुक्ताई

२०१९ माझ्याकडे. तेव्हाचे आणि आत्ताचे खासदार वेगळे आहेत, म्हणून मतदारसंघाचा रकाना आधी ठेव, नाव नंतर.

लंडनची_शेवंता

मी राज्यसभेचे १९ करते. मंत्री असलेल्यांपुढे खूण करा, ते हजेरीच्या यादीत नसले तरी मत देतात.